आळ घ्यायला शिपाई बरा!

कुठलीही ऐतिहासिक रहस्यकादंबरी उघडा. पहिल्या वीस पानांत खून पडतो. प्रेत श्रीमंताचं असतं, वाडा चिरेबंदी असतो, आणि गावाच्या कडेला एका पडक्या घरात एक माणूस राहत असतो. तो लढाईवरून परतलेला असतो. रात्री किंचाळतो. हात थरथरतात. कुठे दारू उडाली की खाटेखाली शिरतो. खुनाच्या रात्री आपण कुठे होतो, हे त्याला धड सांगता येत नाही. झालं! लेखकाची तीनशे पानांची बेगमी झाली. गावाचा संशय त्याच्यावर, फौजदाराचा त्याच्यावर, आणि तुम्ही कितीही हुशार वाचक असलात तरी मधल्या शंभर पानांत तुमचाही त्याच्यावरच. शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळतं की खून पुतण्याने केला, इस्टेटीसाठी. पुतण्या फासावर जातो, नायिकेचं लग्न लागतं, आणि शिपाई? तो त्याच पडक्या घरात, त्याच थरथरत्या हातांनी बसलेला. लेखकाचं त्याच्याशी काम संपलं.

मला या लबाडीची चीड आहे. रहस्यकथा मी चवीने वाचतो, म्हणूनच चीड आहे. माणसाच्या मेंदूला झालेली जखम वाचकाच्या डोळ्यांत धूळ फेकायला वापरायची, आणि धूळ खाली बसली की जखमेकडे पाठ फिरवायची, हा चोरीचा धंदा आहे. आणि आता हा धंदा मराठीतही थाटला जातोय. 'संशोधनाधिष्ठित ऐतिहासिक थरारकादंबरी' अशी बिरुदं मुखपृष्ठावर मिरवत. संशोधन म्हणजे काय, तर पगडीचा प्रकार बरोबर, तलवारीची मूठ बरोबर, तिथी-वार बरोबर. माणूस तेवढा चुकीचा.

हा साचा आला इंग्रजीतून, म्हणून आधी तिकडचा हिशेब करू. पहिल्या महायुद्धातून लाखो माणसं घरी आली ती निम्मीशिम्मी आली. १९१५ च्या फेब्रुवारीत डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हे नाव छापलं, आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत ते रहस्यकथेच्या कपाटात जाऊन बसलं. डोरोथी सेयर्सची 'द अनप्लेझंटनेस ॲट द बेलोना क्लब' १९२८ ची. युद्धविरामाच्या दिवशी एका क्लबात नव्वदीचा म्हातारा जनरल खुर्चीत मेलेला आढळतो. त्याचा नातू जॉर्ज फेंटिमन वायूने फुफ्फुसं भाजून आणि डोकं हादरून परतलेला. नोकरी टिकत नाही, बायको कमावते, आणि तिच्याच पैशावर जगावं लागतं म्हणून तो तिच्यावरच खेकसतो. संशय अर्थातच जॉर्जवर. एकदा तर भ्रमाच्या भरात तोच पोलिसांपुढे जाऊन 'मी केलं' म्हणतो. सेयर्सबाईंना एवढं श्रेय द्यायलाच हवं की त्या घरातलं भांडण त्यांनी खरं लिहिलं. त्यांचा डिटेक्टिव्ह लॉर्ड पीटर विम्झी स्वतःच युद्धाने मोडलेला आहे. बाईंचा नवराही लढाईवरून आलेला होता. ज्या घरात हे दुखणं असतं, तिथला माणूस ते असं खेळण्यासारखं हाताळू शकत नाही.

आणि ॲगाथा ख्रिस्ती? 'द एबीसी मर्डर्स', १९३६. रहस्य फोडतोय, पण नव्वद वर्षं झाली, आता फुटू दे. अलेक्झांडर बोनापार्ट कस्ट नावाचा एक दीनवाणा माणूस. लढाईत डोक्याला मार लागलेला, अधूनमधून फीट येणारा, भान हरपणारा. दारोदार बायकांचे मोजे विकतो. जिथे जिथे तो जातो तिथे तिथे खून पडतो. डॉनकास्टरला सिनेमा बघून बाहेर येतो तर स्वतःच्याच अंगावर रक्त आणि स्वतःच्याच कपड्यांत सुरी. त्याची खात्रीच पटते की भान हरपतं तेव्हा आपणच हे करत असणार. खरा खुनी एक देखणा, धडधाकट, श्रीमंत गृहस्थ. त्यानेच या माणसाला हुडकून काढलेलं, नोकरीचं गाजर दाखवून गावोगाव फिरवलेलं. कथानक म्हणून अव्वल. मीही ते एका रात्रीत संपवलं. पण शेवट काढून पुन्हा वाचा. कस्ट सुटतो, पॉयरोला भेटायला येतो, म्हणतो, डोकं फार दुखतं हो. आणि हा महान डिटेक्टिव्ह त्याला काय सांगतो? चष्म्याचा नंबर तपासून घ्या! वर्तमानपत्रवाले त्याच्या जीवनकहाणीचे शंभर पौंड देऊ करतात, तर पॉयरोचा सल्ला, पाचशे मागा. संपलं. युद्धाने फोडलेल्या डोक्यावर इलाज नवा चष्मा आणि पाचशे पौंड. मराठीत ख्रिस्तीबाईंना देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनी हे पान पुन्हा एकदा वाचावं आणि मग आरती म्हणावी.

पुढे १९९६ मध्ये चार्ल्स टॉड या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन आई-मुलाने 'अ टेस्ट ऑफ विल्स' लिहिली. काळ १९१९. इन्स्पेक्टर इयन रटलेज. सॉमच्या लढाईत हुकूम मोडला म्हणून स्वतःच्या हाताखालच्या हॅमिश नावाच्या सैनिकाला त्याने गोळ्या घालायला लावलेल्या, आणि आता तोच हॅमिश त्याच्या डोक्यात बसून बोलतो. खुनाचा संशय एका पदकविजेत्या कप्तानावर, आणि साक्षीदार कोण? शेल शॉकने पिसाट झालेला, गाव ज्याला बेवडा म्हणून हुसकावतं असा एक भणंग. इथे मात्र मी टोपी काढतो. कारण इथे तपास करणारा, संशयित आणि साक्षीदार तिघेही एकाच लढाईतून आलेत. कुणालाही दुसऱ्याला वेडा ठरवून मोकळं होण्याची मुभा नाही.

आता इकडे या.

मराठी माणसाला दोन गोष्टींची भूक दांडगी: इतिहास आणि रहस्य. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळापहाड यांच्या करामती वाचत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप एसटीच्या प्रवासात हातोहात फिरला. दुसऱ्या बाजूला 'स्वामी', 'राऊ', 'छावा', 'पानिपत'. घराघरांत, वाचनालयाच्या प्रत्येक फडताळात, पानं सुटेपर्यंत वाचलेल्या. एवढ्या दोन भुका असताना या दोहोंच्या मधोमध जो माणूस उभा आहे, लढाई संपल्यावर घरी चालत आलेला, तो आमच्या कागदावर का नाही? आमच्या रहस्यकथेतला लष्करी माणूस बत्तीस गुंडांना लोळवतो आणि रात्री गाढ झोपतो. आमच्या ऐतिहासिक कादंबरीतला शिपाई प्रकरणाच्या शेवटी 'हर हर महादेव' म्हणून पडतो आणि लेखकाला त्याच्या घरापर्यंत जावं लागत नाही. जो पडत नाही, त्याचं काय झालं? कोण विचारतो! देदीप्यमान, ज्वलज्जहाल, रोमहर्षक, अशी विशेषणांची पलटण उभी केली की पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाला मागचं काही दिसत नाही.

हे मी एरंडोलात बसून लिहितोय याला कारण आहे. नकाशा काढा. नर्मदा ओलांडून उत्तरेतून दख्खनेत उतरायचे जुने मोठे रस्ते दोन. एक अशीरगडावरून बऱ्हाणपूरला, दुसरा सेंधव्याच्या घाटातून. दोन्ही उतरतात कुठे? खानदेशात. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं, त्यातून जीव वाचवून जे कोणी दक्षिणेकडे चालत निघाले, त्यांच्या वाटा तापीच्या या खोऱ्यावरून गेल्या. उपाशी, अनवाणी, कुणाचा भाऊ मागे पडलेला, कुणाचा बाप. कादंबरीकार साहेब, तुमची देदीप्यमान सेना परत जाताना आमच्या शिवारांतून गेली. तिला इथे कुणी पाणी पाजलं, कुणी लुटलं, कोण इथेच राहून गेलं, कोण घरी पोहोचून कधीच बोललं नाही? यावर कादंबरी कुठे आहे? पानिपतावर तुमच्याकडे तोफांच्या नळीची लांबीसुद्धा आहे. परतीच्या वाटेवर एक पान नाही.

आणि रहस्य हवंय ना? या वाटेवरून आलेलं मराठी इतिहासातलं सगळ्यात मोठं रहस्य तर घ्या! सदाशिवरावभाऊंचा तोतया.

काशीराज पंडिताने भाऊंचं मस्तक नसलेलं धड ओळखलं, अग्निसंस्कार झाले, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. तरी दोन-तीन वर्षांत बुंदेलखंडात एक माणूस उगवला आणि म्हणाला, मी भाऊ. कुणी त्याचं खरं नाव सुखनिधान सांगतं, कुणी सुखलाल. जातीचा कनोजी ब्राह्मण. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून आणवलं, चौकशी केली, तोतया ठरवलं आणि किल्ल्यावर कैदेत टाकलं. लक्षात घ्या, मारलं नाही. कैदेत ठेवलं. पुढे माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्यात कारभाऱ्यांचं राज्य आलं, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने याच कैद्याला बाहेर काढून 'हेच भाऊसाहेब' अशी द्वाही फिरवली. कोकणातले किल्ले पटापट त्याच्याकडे गेले. हजारोंची फौज गोळा झाली. बोरघाटापर्यंत मजल गेली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, पळता पळता तो राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यात आणला गेला, पंचांपुढे पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याचं डोकं मेखसूने फोडण्यात आलं.

या प्रकरणाचं आमच्या लेखकांनी काय केलं? बहुतेकांनी एका परिच्छेदात उरकलं. एक लफंगा होता, त्याने थापा मारल्या, मूर्ख फसले, नाना फडणिसांनी बंदोबस्त केला. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक तरी लिहिलं. नंतरच्या महारथींना तेवढीही उसंत नाही.

अरे, पण तो भाऊ नव्हता हे तर पहिल्याच पानावर कळतं! त्यात कसलं आलंय रहस्य? रहस्य दुसरंच आहे. पंधरा वर्षं उलटल्यावर, धड ओळखलं जाऊन जळाल्यावर, एकदा चौकशी होऊन निकाल लागल्यावर, हजारो माणसं त्याच्यामागे का गेली? किल्लेदारांनी दारं का उघडली? काही लाचेने गेले, काही कारभाऱ्यांच्या द्वेषाने गेले, ते सोडा. बाकीचे? ज्यांची पोरं पानिपतावरून परत आली नव्हती, ज्यांना प्रेत मिळालं नव्हतं, ज्यांच्या घरात पंधरा वर्षं कुंकवाचं काय करायचं याचा निकाल लागला नव्हता, त्यांच्या दृष्टीने भाऊ परत आला याचा अर्थ आपलाही कुणी येऊ शकतो असा होता. खुद्द भाऊंच्या पत्नीने, पार्वतीबाईंनी, १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. नानासाहेब पेशवे तर पराभवाची बातमी घेऊन माळव्यातून परतले आणि त्याच जूनमध्ये पर्वतीवर खचून वारले. शनिवारवाड्यापासून कोकणातल्या शेवटच्या वाडीपर्यंत सगळा मुलूख डोकं हादरून बसलेला होता. आणि तुम्ही एका कनोजी ब्राह्मणाला पकडून म्हणता, गुन्हेगार सापडला, पडदा पाडा! ही सगळी दौलतच तुमची संशयित आहे, पंतोजी. तिचा जबाब घ्या. तो घेण्याची धमक नाही म्हणून सुखनिधानाच्या टाळक्यावर सगळं भागवलंत.

यावर या मंडळींचं ठेवणीतलं उत्तर मला पाठ आहे. 'तुम्ही आजचे मापदंड कालच्या माणसाला लावता. त्या काळी हे मानसिक आजार वगैरे नव्हते. हे पाश्चात्त्य खूळ आहे. आपला मावळा कणखर होता.' वा! म्हणजे शत्रूच्या गोटातला माणूस लढाईने पिसाळून खून करतो हे तुमच्या कादंबरीत चालतं, रहस्य रंगवायला गावातला वेडा शिपाई चालतो, पण तो आजार आहे म्हटलं की लगेच पाश्चात्त्य खूळ! वेड तुम्हाला हवं, वेदना नको. एकाच पुस्तकात दोन्ही पानं लिहिणाऱ्याच्या तर्कशास्त्राला काय म्हणावं?

त्या काळी नव्हतं म्हणता? बरं, आणखी मागे जाऊ. आमचं गाव स्वतःला महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणवतं. इथे पांडववाडा आहे, जवळ पद्मालय आहे, भीमाने बकासुर मारला तो इथेच असं लहान पोरसुद्धा सांगतं. तर त्याच महाभारतात युद्ध जिंकलेला धर्मराज काय करतो? सिंहासनावर बसायला नकार देतो. म्हणतो, मला वनात जाऊ द्या. भावांनी समजावलं, कृष्णाने समजावलं, ऋषींनी समजावलं, अखेर शरपंजरी पडलेल्या भीष्मापुढे नेऊन बसवलं आणि त्याच्या मनाची समजूत काढायला एक आख्खं शांतिपर्व खर्ची पडलं. जेत्याचं मन लढाईने मोडतं आणि त्याला बोलून बोलून बाहेर काढावं लागतं, हे व्यासांना ठाऊक होतं. आमच्या आजच्या इतिहासकथाकाराला ठाऊक नाही, आणि वर हा व्यासांच्या परंपरेचा वारसदार!

आणि संशयित हवाय? तोही खानदेशातच आहे. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला, सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला, हजारो आदिवासी रात्रीच्या अंधारात, अवघड चढ चढून त्या शिखरावर जातात. तो डोंगर अश्वत्थाम्याचा. अश्वत्थामा कोण? ज्याच्या बापाला खोटं बोलून शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मारलं तो. आणि ते खोटं कुणी उच्चारलं? आमच्या एकचक्रेत राहून गेलेल्या त्याच धर्मराजाने. त्यानंतर युद्ध संपल्याच्या रात्री हा माणूस छावणीत शिरला आणि झोपलेल्यांना कापत सुटला. द्रौपदीची पाचही मुलं त्यात गेली. यापेक्षा भयंकर खून कुठल्या रहस्यकादंबरीत आहे? यापेक्षा उघड अपराधी कोण आहे? त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आणि त्याला भटकण्याचा शाप मिळाला. लोक सांगतात की तो अजून या डोंगरांतून हिंडतो आणि जखमेवर लावायला तेल मागतो. अशीरगडावरही त्याच्या फेऱ्यांच्या गोष्टी आहेत.

नीट बघा इथे काय झालंय. त्याने खून केले हे कुणी नाकारत नाही. तो निर्दोष आहे असं कुणी म्हणत नाही. पण डोंगरातला माणूस म्हणतो, त्याची जखम वाहतेय, तेल द्या. अपराध आणि जखम, दोन्ही एकाच वेळी एकाच कपाळावर, आणि त्यातली एक गोष्ट दुसरीवर पांघरूण घालत नाही. हे सातपुड्यातल्या अक्षर न वाचणाऱ्या म्हातारीला कळतं. तुम्हाला पीएचडी करून, तीन पुरस्कार घेऊन कळत नाही, कारण तुमच्या कादंबरीत दोनच खण आहेत: वीर आणि वेडा. वीर असेल तर पुतळा, वेडा असेल तर बेड्या. आमच्याकडेही गावगाड्यात सोपं निदान असतंच. 'येडा हुई ग्या तो' म्हटलं की भावकी त्याच्या वाट्याची जमीन कसायला मोकळी. पण गावाने असं म्हणावं यात त्याचा स्वार्थ तरी असतो. लेखकाचा कसला आहे? आळसाचा.

खराखुरा खटलासुद्धा सांगतो. १९१४ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानी पलटणी फ्रान्सच्या चिखलात उतरवल्या गेल्या. हाताला गोळी लागून इस्पितळात येणाऱ्या शिपायांची संख्या डोळ्यांवर आली आणि साहेबांच्या मनात किडा वळवळला: हे लोक घरी जायला मिळावं म्हणून स्वतःच्याच हातावर गोळ्या झाडून घेत असणार. म्हणजे जखम हाच पुरावा आणि जखमी हाच आरोपी! ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचा प्रमुख कर्नल ब्रूस सीटन याने मग १९१५ मध्ये हजार जखमा तपासून अहवाल तयार केला. निष्कर्ष काय निघाला? त्या संशयाला आधार नाही. हजार जखमांतून एक निर्दोषत्व सिद्ध झालं. सांगा, यापेक्षा अस्सल ऐतिहासिक रहस्यकथा कुठे मिळेल? इस्पितळातली खाट, पट्टी सोडून जखमेची दिशा बघणारा डॉक्टर, भाषा न समजणारा शिपाई, आणि दाराबाहेर कोर्टमार्शलची सावली. गोऱ्या जॉर्ज फेंटिमनच्या थरथरत्या हातावर कादंबरी आली. या हजार हातांवर फाईल आली आणि बंद झाली. मराठी लेखकाला ती उघडावी असं वाटत नाही, कारण तो लंडनच्या धुक्यातल्या खुनाचं मराठीकरण करण्यात गुंतलाय.

भेदभाव तर वेडातही होता. विलायतेत अधिकाऱ्याचं मन मोडलं की त्याला 'न्यूरस्थेनिया' म्हणायचं आणि क्रेगलॉकहार्टसारख्या इस्पितळात डॉ. रिव्हर्स यांच्याशी गप्पा मारायला बसवायचं. साध्या सैनिकाचं मोडलं की तो 'हिस्टेरिया'. आणि मोर्चा सोडून गेला तर पहाटे भिंतीपाशी. अशा गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने २००६ मध्ये माफी दिली. नव्वद वर्षांनी! हॅरी फार हा त्यातलाच एक. शेल शॉकचे उपचार घेतलेला, १९१६ मध्ये भ्याड ठरवून मारलेला. त्याच्या घरच्यांनी चिकाटीने झगडून ती माफी मिळवली.

आणि आपले? कुत-अल-अमारा हे नाव किती मराठी कादंबऱ्यांत वाचलंत? टायग्रिसकाठचं गाव. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिन्यांचा वेढा. आत अडकलेली सहावी डिव्हिजन, नावच पुणे डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. कित्येक हिंदुस्थानी शिपायांनी महिनोन्महिने ते मांस खायला नकार दिला. स्कर्व्ही झाली, हाडं वर आली. शेवटी जवळपास तेरा हजार जण शरण गेले आणि त्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं. रस्त्यात मेले, रेल्वेच्या कामावर मेले. हजारो. आणि त्यांचा सेनापती चार्ल्स टाउनशेंड? तो इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिला. कैदेत असतानाच त्याला 'सर' केलं. त्याचा लाडका कुत्रा स्पॉट तुर्कांनी सुखरूप इंग्रजांच्या हवाली केला. १९२० मध्ये साहेब पार्लमेंटात निवडून आले.

आता मला सांगा, तेरा हजारांतला जो मराठा शिपाई वाचून, गलबतात बसून, गावी आला आणि ताटात भाकरी आली की दोन्ही हातांनी झाकून खाऊ लागला, त्याच्यावर तुम्ही कादंबरीत सावकाराच्या खुनाचा आळ घालणार? मग घाला. पण तपास पुरा करा! त्याच्या डोक्यातल्या वाळवंटापर्यंत जा. त्या बेटावरच्या बंगल्यापर्यंत जा. तीनशे पानांत पुतण्या सापडतो आणि टाउनशेंड सापडत नाही, तर तुमच्या डिटेक्टिव्हला नोकरीवरून काढा.

मराठीला हे झेपत नाही असं कुणी म्हणू नये. विश्राम बेडेकरांनी १९३९ मध्ये 'रणांगण' लिहिली. एक बोट, थोडे दिवस, थोडी माणसं, तोफेचा एकही बार नाही. तरी युद्धाने माणसाचं काय होतं ते त्या लहानशा पुस्तकात आहे. विशेषणांची पलटण लागली नाही. त्यानंतर आमचे ऐतिहासिक महापुरुष जाड जाड होत गेले, दोन खंडी, तीन खंडी, आणि माणूस बारीक होत होत दिसेनासा झाला. शेजारी अमळनेरला १९५२ मध्ये साहित्य संमेलन भरलं, पुन्हा २०२४ मध्ये भरलं. मधल्या बहात्तर वर्षांत मराठी ऐतिहासिक कादंबरीवर व्यासपीठांवरून किती फुलं उधळली गेली असतील! त्या फुलांखालच्या या परतलेल्या माणसाला कुणीच अडखळलं नाही.

सामग्री तर दाराशी पडलीय. इथून हाकेवर धरणगाव. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल कोअर उभी केली ती तिथे. काल ज्यांना दरोडेखोर म्हणून डोंगरात टिपलं, त्यांनाच आज गणवेश चढवून त्यांच्याच भाऊबंदांवर सोडलं. अशा माणसाच्या रात्री कशा जात असतील? सेंधव्याच्या घाटात पोलिसी चाकरी केलेला खाज्या नाईक घ्या: संशयिताच्या मृत्यूबद्दल तुरुंगात गेला, सुटला, सत्तावन्नात सरकारने पुन्हा चाकरीवर घेतला, आणि तोच उलटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली, पुढे १८६० मध्ये दगा होऊन तो मारला गेला. पोलीस, आरोपी, बंडखोर, बळी, सगळं एकाच माणसात. आणि आमचे थरारकार म्हणतात, मराठी इतिहासात रहस्यकथेला विषय नाहीत.

म्हणून, ज्यांना मत हवं असतं, प्रस्तावना हवी असते, 'चार ओळी लिहा हो सर' असं ज्यांचं आर्जव असतं, त्यांना आताच सांगून ठेवतो. तुमच्या कादंबरीत लढाईवरून आलेला संशयित असेल तर बाड उघडण्याआधी मी पाच प्रश्न विचारणार. त्याचं पेन्शन कोण उचलतं? त्याची जमीन सध्या कोण कसतं? त्याला वेडा पहिल्यांदा कुणी म्हटलं, आणि त्या दिवशी म्हणणाऱ्याचा काय फायदा झाला? त्याला लढाईवर कुणी पाठवलं, आणि तो पाठवणारा आज कुठे जेवतोय? आणि खुनी पकडला गेल्यावर, शेवटच्या पानानंतरच्या सकाळी, त्याला चहा कोण देतं? पाचांची उत्तरं असतील तर बसा, रात्रभर वाचू. नसतील तर बाड बगलेत मारा. स्टँडवर जळगावची गाडी लागलेली असते.